चावडीसमोरून हळू

आज छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा आणला. ओल्या शाईचा वास आला आणि मी लहानपणीच्या एका दसऱ्याच्या सकाळी जाऊन पोचले.

मुडबीहून आमच्या आठ मोटारसायकली सभेला निघाल्या होत्या. दोन्हीकडे तूर फुलायला लागली होती. मी अप्पांच्या मागे बसले होते आणि आमच्या मधे पत्रकांचा गठ्ठा होता. वाटेतल्या एका गावात, चावडीसमोर आमच्या लोकांनी उतरून गाडी ढकलत न्यायची, असा रिवाज होता.

"काका, जोरात काढू का?" चुलतभाऊ संजूनं विचारलं.

"न्हाई. हळू चल. पळून जायलोत असं वाटू नये."

चावडीवरून एका म्हाताऱ्यानं हटकलं, "काय रे, उतरायचं विसरलास का?"

"विसरलो न्हाई, मामा. सोडून दिलंय," अप्पा म्हणाले.

आठही गाड्या बैलगाडीच्या चालीनं पुढे गेल्या. मला रागच आला होता; मला धुरळा उडवायचा होता.

गाव मागे पडल्यावर गठ्ठा काढला, तर अप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पत्रकाची अक्षरं उलटी उमटली होती. वाऱ्यात गारवा होता, तरी त्यांची पाठ घामानं चिंब होती. त्या अक्षरांना मी खूप हसले.

आता सभेत बोलायला उभी राहिले की माझीही पाठ भिजते.