दिलीपचे विनोद

कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर आमचा कॉम्प्युटरवाला दिलीप रोज काहीतरी काळा विनोद टाकतो. काल दुपारी त्याने लिहिलं, "मी गेलो तर रडू नका. एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा." मिनिटभरात खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मलाही हसू आलं, पण लगेच विरलं. आठवडाभर त्याचा प्रत्येक विनोद स्वतःच्याच मरणावर होता. खरं बोलायची भीती वाटली की माणूस विनोदाच्या आडून बोलतो का? शंका काही जाईना, तेव्हा मी फोन लावला.

"अरे, जोक होता," तो हसत म्हणाला.

"नक्की?"

त्याने हसणं थांबवलं. मग हळूच म्हणाला, "घरी येतोस?"

फोन चालू ठेवूनच मी चपला घातल्या.