नानामामा कधी मुद्दाम हरला नाही

नानामामा गेल्याचं मी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं. दहा मिनिटांत चाळीस जणांनी हात जोडले, आणि एक्केचाळिसाव्याने रविवारच्या मिसळीला किती जण येणार ते विचारलं. मामा म्हणाला असता, "मिसळ तरी मनापासून खातील."

माझ्या आईचा हा धाकटा भाऊ शेवटची चार वर्षं इकडे परदेशात, स्कोफिल्ड्सला आमच्याकडे राहिला. त्याला माणसं फारशी आवडत नसत आणि आमचं मंडळ तर मुळीच नाही. दोष कसा देऊ? एकदा मंडळाने माझ्याच घरी फ्रेंच सिनेमा ठेवला... एकटी पडलेली पोर आणि शेजारचा म्हातारा यांच्या मैत्रीचा. विषय फार हेवी, म्हणून पोरांना आयपॅड देऊन मागच्या खोलीत कोंडलं आणि आम्ही डॉक्टर-इंजिनियर मंडळी टिश्यूचा खोका फिरवत हुंदके देऊ लागलो. मीही दिले, अगदी सुरात. मामा मध्येच उठला. "हा म्हातारा फार गोड आहे. खोटा वाटतो," म्हणाला आणि बाहेर पडला.

बाहेर पायरीवर मंडळातल्याच एका घरची नऊ वर्षांची इरा बसली होती. आतल्या पोरांनी तिला खेळात घेतलं नव्हतं.

"रडतेयस का?" मामाने विचारलं.

"नो."

"बरं. आत तीस जण रडतायत."

पुढच्या शनिवारपासून ती आमच्या गॅरेजमध्ये मामाशी कॅरम खेळायला येऊ लागली. बाकीची मोठी माणसं तिची कीव करून हरायची; हा तिला दर वेळी लोळवायचा, वर "ढ आहेस" म्हणायचा. "यू आर अ चीट, आजोबा," ती म्हणायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. दोन वर्षं असंच. एकदा, फक्त एकदा, तिला त्याला हरवायचं होतं... ते राहिलं.

शोकसभेत सात जण मामाच्या निमित्ताने स्वतःबद्दल बोलले. इराला बोलवायचं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

गेल्या शनिवारी ती आपणहून आली. मी दयार्द्र होऊन बोर्ड मांडला, सोप्या सोंगट्या चुकवल्या, तिला जिंकू दिलं.

"मावशी, हे तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली. "ही नेव्हर डिड दॅट. नीट खेळ."

मग मी जीव तोडून खेळले. चार डाव. चारही हरले. दोन वर्षं हरता हरता ही पोर काय शिकली होती, ते तेव्हा कळलं. ती मान खाली घालून सोंगट्या पुन्हा रचत राहिली. तिला हरवील असं आमच्या अख्ख्या मंडळात आता कोणी नाही.