गुरुजी पहिल्या ओळीत

ज्या पाठशाळेत मी आयुष्यभर ऋग्वेद शिकवला, ती विद्यार्थ्यांअभावी बंद झाली. त्यानंतर रोज सकाळी संध्यावंदन आटोपून मी एकटाच पाठ म्हणत बसे. जे मला तोंडी मिळाले ते तोंडीच पुढे गेले पाहिजे, अन्यथा ते माझ्यापाशी संपेल, ही एकच चिंता मनात होती. म्हणून वाघोलीच्या एका महाविद्यालयाला संस्कृत पाठ शिकवणारा अध्यापक हवा आहे असे कळताच, ज्या वयात लोक औषधांच्या वेळा सांभाळतात त्या वयात मी अर्ज करायचे ठरवले.

आमच्या सूनबाई खराडीच्या एका कंपनीत माणसे निवडण्याचे काम करतात. त्या म्हणाल्या, "बाबा, रेझ्युमे माझ्यावर सोडा." संध्याकाळी त्यांनी कागद पुढे ठेवला. माथ्यावर ठळक अक्षरांत माझे नाव. खाली पाठशाळेतील अध्यापन. अगदी तळाशी, 'इतर' या शीर्षकाखाली, गुरुगृही काढलेली बारा वर्षे एका ओळीत.

"गुरुजी तळाशी का गं?"

"लेटेस्ट आधी, जुनं नंतर. सगळीकडे हाच फॉरमॅट चालतो. आणि त्या वर्षांचं सर्टिफिकेट कुठंय आपल्याकडं?"

"परीक्षा झाली होती. वैदिक समोर बसले, कुठलाही शब्द उचलला आणि मी तिथून पुढे म्हटले."

"बाबा, ते अपलोड करता येत नाही."

मुंज झाल्यावर आम्हाला वडीलधाऱ्यांपुढे स्वतःची ओळख सांगण्याचा विधी शिकवतात. कानांना हात लावून आधी पूर्वज ऋषी सांगायचे, मग गोत्र, सूत्र, शाखा. स्वतःचे नाव सर्वांत शेवटी. ज्यांच्यामुळे आपण आहोत, त्यांच्यानंतर आपण. सत्तरी ओलांडल्यावर तो क्रम मी कोणत्या तोंडाने उलटा करणार होतो?

सूनबाईंनी दुसरा नमुना काढला. त्यात वर्षेच नव्हती. येणाऱ्या गोष्टी तेवढ्या मांडलेल्या. "हा घ्या. गॅप दिसतच नाही."

"म्हणजे काय येते ते सांगायचे आणि कोणाकडून आले ते झाकायचे? हा तर पहिल्याहून वाईट."

"अर्ज आधी मशीन चाळतं, ते बाजूला टाकेल हो तुमचा."

"टाकू दे. मशीनला कोणी शिकवले, हे त्यालाही विचारायला हवे."

त्या हसल्या, पण माझ्या सांगण्याप्रमाणे तिसरा कागद त्यांनीच टंकून दिला. पहिल्या ओळीत गुरुजी, नंतर त्यांच्याकडील अध्ययन, नंतर माझे अध्यापन आणि शेवटी मी. अपलोड न करता तो पिशवीत घालून मी बसने वाघोलीला गेलो. येरवड्यापासून उभाच होतो, याची तक्रार नाही.

प्राचार्याबाई माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि चष्मा काढला.

"सर, हे वाचून तुमच्या गुरुजींनाच नोकरी द्यावीशी वाटते."

"ते आता नाहीत. म्हणून मी आलो."

त्यांनी खणातून एक छापील कागद काढून पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "आमचा एक ठरलेला नमुना आहे. त्यात भरून द्या. अनुभव आधी, शिक्षण नंतर. एवढं केलंत तर मी पुढं बोलू शकेन."

"आपण वर्गात न्या आणि हवे तिथून विचारा. चुकलो तर मी आपल्याला नमस्कार करून परत जाईन. पण गुरुजींना खाली उतरवून मला वर चढता येणार नाही."

"हट्टी आहात."

"बारा वर्षे याचेच अध्ययन केले."

त्यांनी मला वर्गात नेले. मुलांनी आधी मोबाइल ठेवायला वेळ लावला, मग ऐकू लागली. मी एक ऋचा म्हटली, तीच पदे तोडून म्हटली, मग पुढेमागे गुंफून म्हटली. बाई शेवटच्या बाकावर बसून होत्या.

नोकरी मला मिळाली नाही. ती ठरलेल्या नमुन्यात अर्ज करणाऱ्या एका गृहस्थांना मिळाली. ते सज्जन आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. मला आठवड्यातून दोन तासिका मिळाल्या. समोर पाठ म्हणणारी मुखे मिळाली, ती मला पुरे होती.

पहिल्या तासाला मी मुलांना ओळख सांगायला लावली. आधी शिकवणारा, मग स्वतः. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मला तर यूट्यूबनं शिकवलं." वर्ग हसला.

"त्यात कोणीतरी बोलत असेल ना? त्यांचे नाव आधी सांग."

पुढच्या तासाला ती ते शोधून आली.

यंदा तासिकांच्या नूतनीकरणासाठी तोच छापील नमुना पुन्हा हाती आला. 'सर्वांत अलीकडील अनुभव प्रथम लिहावा' अशी सूचना होती. तिच्यावर मी पट्टीने एक सरळ रेघ मारली, आणि खाली पहिल्या रकान्यात, जितके ठळक लिहिता आले तितके ठळक, गुरुजींचे नाव लिहिले.