सेतूने वाचलेले शेवट

सेतुराम गेल्याची बातमी मला नाचियारकोविलच्या बसमध्ये कळली, आणि तीही तमिळमध्ये. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता सांगितले, तुमचे ते पापनाशम स्टेशनात तिकिटे देणारे राव सकाळी फलाटावरच्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. आम्हा कुंभकोणमच्या मराठी माणसांचा जन्म घरात, मराठीत होतो. मरणाची बातमी रस्त्यावरून येते आणि रस्त्याची भाषा तमिळ आहे. माझ्या मांडीवर एक पितळी समई होती, कोणाच्या तरी लग्नात द्यायला घेतलेली. ती तशीच घेऊन मी सेतूच्या दारात उतरलो. जमलेल्यांना वाटले, उशाशी लावायला दिवा आणला... समई तिथेच राहिली.

पुढे आमच्या मंडळींनी शोकसभा घेतली. तंजावरच्या दरबाराशी नाते सांगणारे एक वयस्क गृहस्थ अध्यक्ष होते. दरबार गेला, पण त्यांचे पागोटे अजून शाबूत आहे. सेतुराम म्हणजे मायमराठीचा निष्ठावंत सेवक, असे ते म्हणाले. हे त्यांनी तमिळमध्ये सांगितले, कारण मराठीतले भाषण त्यांना झेपत नाही. सेतूने मराठीचे काय केले ते मला चांगले ठाऊक आहे. त्याने तिच्या कादंबऱ्या बिघडवल्या. वर्षानुवर्षे, माझ्या डोळ्यांदेखत.

सेतूची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. घरात थोरली विधवा बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, आणि तिचा एकुलता एक मुलगा नागू. नागूला दोघांनी मिळून वाढवले. कॉलेजात गेल्यावर तो विषमज्वराने गेला. त्यानंतर अक्का परसात विहिरीशी बसू लागली, कठड्यावर हात टाकून. समजूत घालायला पुष्कळजण आले. पट्टीश्वरमच्या एका स्वामींनी आत्मा अमर असल्याचे सांगितले आणि दक्षिणा व केळ्यांचा घड घेऊन ते गेले. अक्का काही केल्या आत येऊन बसेना.

मग एक दिवस सेतू माझ्याकडे आला. मी शिकायला पुण्यात होतो आणि येताना ट्रंकभर कादंबऱ्या आणल्या होत्या. त्याला त्या हव्या होत्या. अक्का मराठी बोलते, पण तिची शाळा तमिळ. छापील मराठी तिला वाचता येत नाही. तेव्हापासून संध्याकाळची गाडी पापनाशमहून आली की सेतू हातपाय धुऊन माजघरातल्या झोपाळ्यावर बसायचा आणि मोठ्याने वाचायचा. अक्का खाली बसून तांदूळ निवडायची, त्याच्याकडे पाठ करून. मीही जाऊन बसे. पुस्तके माझी होती, आणि माझ्या घरी बोलायला कोणी नव्हते.

आमच्या कादंबऱ्यांत एक सोय असते. कोणी मेले की मागे राहिलेला माणूस जगण्याचा अर्थ शोधायला निघतो आणि तो त्याला शेवटच्या प्रकरणात सापडतो. माझ्या ट्रंकेतला एक प्राध्यापक बायको गेल्यावर हिमालयात जातो आणि चाळीस पानांत त्याला ब्रह्म कळते. एक व्यापारी भावाच्या मृत्यूचा दोष डॉक्टरवर ठेवून त्याच्यामागे गावोगाव हिंडतो आणि अखेर त्याला क्षमा करून धर्मशाळा बांधतो. आणि एक आई, मुलगा गेलेली, सगळ्या दैवतांना कौल लावून थकते आणि नदीत उतरते. या तिघांत खरा शोध कोणाचा, यावर मी आणि सेतू तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसून वाद घालत असू. मी त्या आईच्या बाजूचा होतो. तिला अर्थ सापडत नाही आणि लेखक तो उसना आणून देत नाही, असे माझे म्हणणे.

सेतूने ती कादंबरी वाचायला घेतली तेव्हा मी शेवटाची वाट पाहत होतो. आई घाट उतरली. पाणी घोट्याशी आले. सेतूने पान उलटले, जरा थांबला, आणि मग त्या आईने घागर भरून घेतली. शेजारणीच्या पोराला ताप होता, त्याला कांजी, म्हणजे आमच्याकडची तांदळाची पेज, द्यायची तिला आठवण झाली. ती परत फिरली. अक्काचे हात तांदळात थांबले होते, ते पुन्हा चालू लागले.

बाहेर येताच मी विचारले, "ही कांजी कुठल्या पानावर आहे?"

"तुझ्या प्रतीत नसेल."

"सेतू, प्रत माझीच आहे. लेखकानं त्या शेवटासाठी जीव आटवला असेल रे."

"लेखक पुण्यात आहे," तो म्हणाला. "अक्का इथं आहे. विहीरही."

तरीही मी बोललो. साहित्यातल्या सत्याविषयी बरेच काही. त्याने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी प्राध्यापकाला अर्ध्या वाटेवरच्या स्टेशनात उतरवले. म्हाताऱ्या आईचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय तो आणायचा राहिला, म्हणून तो घरी परतला. अक्का म्हणाली, "बरं झालं. हिमालयात याला जेवायला कोण वाढणार होतं?" व्यापाऱ्यानेही धर्मशाळा बांधली नाही; भावाच्या लिंबाच्या झाडाला पाणी घालू लागला. सेतूच्या माणसांना अर्थ कधीच सापडत नसे. उद्याचे एखादे काम तेवढे सापडे. अशा शेवटांना कोणी बक्षीस देत नाही.

फक्त एकदा तो अडला. त्या कादंबरीत एका माणसाचा पुतण्या, त्याने मुलासारखा वाढवलेला, जातो. शेवटाला आल्यावर सेतूने पान उलटले, आणखी एक उलटले, आणि म्हणाला, "पुढची पानं कसरीनं खाल्लीत." पाने धड होती. त्या दिवशी तो मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला.

"काय करतो रे तो शेवटी?"

"संन्यास घेतो."

"हं... ते सोपं आहे," म्हणाला आणि वळला. त्याच्याकडे त्या माणसासाठी काम नव्हते. मी काही सुचवायला हवे होते की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शोकसभेनंतर अक्काने निरोप पाठवला म्हणून गेलो. परसदार उघडे होते. "वेंकट, वाच काहीतरी," ती म्हणाली. झोपाळ्यावर बसवेना, मी खाली बसलो. बरोबर एक नवी कादंबरी होती. तिच्यातली बाई नवरा गेल्यावर विष घेते, हे मला ठाऊक नव्हते. तिथवर आलो आणि थांबलो.

"सेतूपण असाच थांबायचा," अक्का म्हणाली. "मग आपलं शिजवायचा."

"तुला माहीत होतं?"

"अस्कं पुस्तक, पहिल्या पानापासून, पुण्याचं बोलायचं. शेवट आला की त्यातली बाई आपल्या घरातल्यासारखी बोलाय लागायची. पुण्यात कांजी कोण देतं रे?"

मी शेवटाच्या मजकुरावर इतका चिडलेला असे, की भाषेकडे माझे लक्षच गेले नव्हते.

"मग बोलली का नाहीस?"

तिने सूप बाजूला ठेवले. "नागू गेल्यावर तो जेवताना गाड्यांच्या वेळाच सांगायचा. कुठली गाडी न थांबता जाते ते. त्याला विहिरीचं भय, मला रुळांचं. मी ऐकायला बसले की संध्याकाळी घरी यायचा. उद्या काय वाचायचं, ते जुळवत यायचा." मग म्हणाली, "आता तू छापलंय तेच वाच. आता कोण यायचं आहे?"

मी परसदाराकडे पाहिले. छापलेल्याचा कैवार घेऊन मी या घरात कितीतरी संध्याकाळी भांडलो होतो, आणि छापलेले माझ्या हातात होते. मी पान उलटले. आणि त्या बाईने पेला खाली ठेवला, असे वाचले. का ठेवला ते मला सुचेना. पुण्याने माझी घरची बोली कधीच बिघडवून टाकली आहे. मी अडखळत तिला चुलीपाशी नेले, दूध उतू जायला आले होते असे काहीतरी म्हणालो आणि तिथे पार खुंटलो.

अक्का डोळे मिटून ऐकत होती.

"दूध कुणासाठी तापवलेलं?" तिने विचारले.

"ते... उद्या," मी म्हणालो.

"बरं," अक्का म्हणाली, आणि परसदाराला कडी घालायला उठली.