भाऊजींनी पारखून घेतलेला कॉम्प्युटर

जगातली कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिचे दात पाहावेत असं मनापासून वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी. पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबादपासून तासाभराच्या वाटेवर, कापूस-ज्वारीच्या गावात त्यांची शेती. त्या सगळ्या पट्ट्यात बैल घ्यायचा तर भाऊजींना बाजारात नेल्याशिवाय कोणी सौद्याला हात घालत नसे. बैलाच्या बाबतीत माणूस खरोखर पोचलेला. शेपटी पिळून, खूर ठोकून, कपाळावरचा भोवरा बोटानं चाचपून ते असा निकाल देत की विकणारासुद्धा मान खाली घालायचा. तेवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण एकदा बैल कळला की जगात आणखी कळायचं काही उरत नाही, असा त्यांचा पक्का समज. शेजारच्या मुलीला पाहायला आलेल्या नवरदेवाला त्यांनी विहिरीपर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं होतं. तो बिचारा भर उन्हात कोट घालून गेला आणि आला. "चालीत खोट नाई. देऊन टाका पोरगी," भाऊजी म्हणाले. लाकडी खेळण्यांच्या निर्मल गावाला माझ्या मुलीसाठी बैलजोडी घ्यायला आम्ही गेलो, तर दुकानातला एकही बैल यांना पसंत पडेना. एकाचं वशिंड मागं सरकलेलं, दुसऱ्याची मान आखूड. शेवटी पोपट घेऊन आलो. तोही त्यांनी उलटा करून पाहिला. कुकर घेतला तेव्हा तर दुकानदाराला म्हणाले, "आठ दिवस जुंपून पाह्यतो. बसला तर वापस."

अशा माणसावर कॉम्प्युटर निवडायची वेळ यावी! नव्वदच्या दशकाची अखेर होती. अक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं शेतात वाकायला कायमची मनाई केली. जन्मभर राबलेली बाई. घरात बसून खायचं म्हणजे तिला घास गिळवेना. लग्नाआधी आदिलाबादला ती टाइपरायटरवर मराठी टाइपिंग शिकली होती, ते कोणाच्या तरी लक्षात होतं. तिथल्या एका प्रेसवाल्या शेठनं निरोप धाडला: तेलुगु अक्षरं जुळवणारे पाहिजे तेवढे मिळतात, मराठी लग्नपत्रिकांना माणूस नाही. घरी स्वतःची मशीन असेल तर सगळं मराठी काम तुम्हालाच, फ्लॉपी बसनं पाठवत जा. अट एकच. तुळशीच्या लग्नापर्यंत काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर लग्नसराई नांदेडच्या माणसाला देणार, आणि एकदा दिली की दिली. अक्कानं मला एसटीडीवरून हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "बापू, हे काम भेटलं तर मी पुन्हा माणसात येईन रे." मी म्हणालो, कॉम्प्युटर मी पाहतो. तर म्हणते कशी, "तू काऊन? हे हायेत ना. हे पारखून आणून राह्यले." मी तिथंच, बूथच्या काचेआड, कपाळावर हात मारला.

भाऊजींची मागणी साधी होती, एवढं कबूल करायला पाहिजे. कास्तकाराला परवडला पाहिजे, बारा महिने घरच्या वखराला चालला पाहिजे, आणि एखाद्या दिवशी शंकरपटातही पळाला पाहिजे. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. कॉम्प्युटरचा शंकरपट म्हणजे मोटारींच्या शर्यतीचा खेळ, जो त्यांनी आदिलाबादच्या एका दुकानात पाहिला आणि पाहताक्षणी त्यांच्या अंगात आला. "अक्काच्या टायपिंगला मोटारी कशाला?" मी विचारलं. "पळताना जनावराचा दम समजते, बापू. नुसतं उभं पाहून काय कळते?" आणि मग हा दम पाहण्यासाठी स्टुलावर बसून, खांद्यावरची दस्ती, म्हणजे रुमाल, डोक्याला बांधून, "हुर्रर्र! चल रे राजा! दाब, दाब!" करत ते असे खेळायचे की बाहेर रस्त्यावर माणसं गोळा व्हायची. दुकानदाराला आधी वाटे, गिऱ्हाईक पक्कं आहे. संध्याकाळपर्यंत त्याला खरं काय ते समजे.

पाडव्याला सुरू झालेली ही पारख पोळा आला तरी चालूच. आदिलाबाद झालं, निजामाबाद झालं, नांदेड झालं. एक कॉम्प्युटर त्यांनी नाकारला कारण त्याचा पंखा वाजत होता: "उभ्या उभ्या धापा टाकते. जुंपल्यावर काय करन?" दुसऱ्याचा पडदा एका कंपनीचा आणि डबा दुसऱ्या कंपनीचा निघाला. "जोडी बेमेळ हाये. एक इकडं वढन, एक तिकडं." तिसरा सर्व परीक्षांना उतरला. भाऊजींनी बाजारातल्या रिवाजाप्रमाणे दुकानदाराचा हात दस्तीखाली घेतला आणि बोटं दाबून भाव सांगू लागले. दुकानदार हैदराबादकडचा, त्याला काय ठाऊक की आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत! तो कासावीस होऊन म्हणाला, "अंकल, हाथ छोड़िए ना." तरी सौदा जमत आला होता. तेवढ्यात लाइन गेली, कॉम्प्युटर विझला आणि भाऊजी उठून उभे राहिले. "लाइन गेली का बसते हे. बसणारं जनावर मी घेत नसतो." आमच्या गावाकडं लाइन असते किती आणि नसते किती हे पाहता, हा मुद्दा मात्र चुकीचा नव्हता. पण इकडं अक्का रोज उंबरठ्यावर बसून बसची वाट पाहायची, आणि बसमधून नवरा तेवढा उतरायचा, हात हलवत.

मी त्या वेळी बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या स्टोअरमध्ये नोकरीला. आमच्या क्वार्टरांच्या मागं एक इंजिनिअर साहेब राहायचे. त्यांच्या भावानं अमेरिकेतून त्यांना नवा लॅपटॉप पाठवला होता आणि जुना ते स्वस्तात काढणार होते. दिवाळीच्या तोंडावर त्यांची दूर कोत्तागुडेमला बदली झालेली, सामान बांधणं चाललेलं. मी भाऊजींना तातडीनं बोलावून घेतलं. लॅपटॉप पाहून पहिल्यांदा ते खट्टू झाले. "एवढूसा? हे तर गोऱ्हं हाये." मग साहेबांनी झाकण उघडलं आणि भाऊजींचा चेहरा असा खुलला, की काय सांगू! इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कॉम्प्युटरचं तोंड उघडून दात पाहायला मिळाले. त्यांनी एकेक बटण बोटानं हलवून पाहिलं. "सगळे शाबूत हायेत." त्यात साहेबांनी वायर काढून टाकली आणि तरीही पडदा चालू राहिला, तेव्हा तर त्यांनी माझा दंडच धरला. "बापू, बिनलाइनचं उभं हाये!" मोटारींची शर्यतही झाली. आता फक्त सौदा राहिला. सौद्याला तिसरा माणूस जवळ नको, नजर लागते, असं म्हणून त्यांनी मला चहा आणायला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा व्यवहार उरकलेला, लॅपटॉप दस्तीत बांधलेला आणि कपाळाला, म्हणजे झाकणाला, कुंकू लावलेलं होतं. त्याच संध्याकाळी साहेबांचा ट्रक कोत्तागुडेमच्या रस्त्याला लागला.

दिवाळी झाल्यावर अक्काचा फोन आला. "बापू, ते बंद पडलं रे. पहिली पत्रिका लावली, वरच्या दोन ओळी लिहिल्या आन् डोळेच मिटले त्यानं. हे म्हणतात, नवं घर हाये, जनावर बुजलं असन, दोन दिवस चारा खात नाई. दोन दिवसांचा आठवडा झाला."

"वायर लावली होती का?"

"त्याची वायर नव्हतीच ना संगं."

मग भाऊजींनीच फोन घेतला आणि ठणकावून सांगितलं, "मालकाचं दावं आणत नसतात बापू. एवढंही नाई ठाऊक तुले?"

इथं दाव्याचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे जनावर विकतात, पण ज्या दाव्यानं ते बांधलं होतं ते दावं विकत नाहीत. दाव्यासोबत विकणाऱ्याच्या गोठ्याची बरकत निघून जाते, आणि ती नेल्याचा दोष नेणाऱ्याच्या घराला लागतो. म्हणून घेणारा आपलं नवं दावं घेऊन बाजारात जातो आणि जुनं सोडून मालकाच्या हातात देतो. उभ्या हयातीत भाऊजींनी कोणाचं दावं घरी आणलं नव्हतं, याचा त्यांना फार अभिमान. मी चहाला गेलो तेव्हा काय झालं ते आता फोनवर कळलं: साहेबांनी चार्जर पुढं केला, तर यांनी हात जोडले, "नई साब, ये आपके घरकी बरकत है. आपके घरच रहने दो." साहेब म्हणाले, इसके बिना चलेगा नहीं. "हमारे घर आके सब चलते साब," असं म्हणून यांनी पिशवीतून आदिलाबादहून आणलेली नवीकोरी लाल-पिवळी वायर काढून दाखवली. साहेबांनी घाईत काय समजायचं ते समजून घेतलं. ती वायर लॅपटॉपच्या कुठल्याच भोकात जात नव्हती. गावातल्या मोटारपंपवाल्यानं पाहिलं, आदिलाबादच्या रेडिओवाल्यानं पाहिलं. तसा चार्जर साऱ्या जिल्ह्यात मिळेना. फोनवर मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिकल्या-सवरल्या बायकोचा हात धरून तुम्ही तिला पाण्यात बुडवलं, एवढं मात्र म्हणालो. मग भाऊजी हळूच म्हणाले, "साहेबाचं गाव दाखवतोस का?"

तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. आम्ही बेल्लमपल्लीहून गाडी धरली, दोनदा बदलली. एरवी डब्यातल्या माणसांची चाल पाहून त्यांचा स्वभाव सांगणारा हा गृहस्थ खिडकीशी बसून नुसते बाहेरचे खांब मोजत होता. वरंगल मागं पडल्यावर माझ्याकडे सरकला. "बापू, एक काम कर. दावं तू हातात घे. तू नोकरदार, तुले गोठा नाई. तुले दोष लागणार नाई." मला हसू आवरेना. म्हटलं, घेतो बुवा, द्या माझ्या हातात, काळ्या प्लास्टिकच्या डबीनं माझी काय बरकत बुडणार आहे ते पाहू.

साहेबांनी आम्हाला पाहून आधी डोक्याला हात लावला आणि मग आतून चार्जर आणला. "मैंने तो कहा था," ते म्हणाले. ठरल्याप्रमाणे मी हात पुढं केला. भाऊजींनी माझा हात बाजूला सारला. पायातल्या वहाणा काढल्या, दोन्ही तळहात पुढं केले आणि चार्जर स्वतः घेतला. घेताना ते साहेबांना म्हणाले, "माफी करो साब." साहेबांना कळेना कशाची माफी. बाहेर आल्यावर मी विचारलं, "माझ्या हाती देणार होतात ना?"

"देणार होतो. पण तुह्या घरी लेकरं हायेत. जनावर माह्या घरचं, मग जे होईल ते तुह्या घरी काऊन?"

परतीच्या गाडीत चार्जर दस्तीत गुंडाळून त्यांनी मांडीवर धरला होता. "आता बाजार बंद, बापू," ते म्हणाले. "दुसऱ्याची बरकत उचलून आणलेल्या हातानं कोणाचा बैल निवडायचा नाई. त्याच्या गोठ्याले काई झालं तर?" मी त्यांना वेड्यात काढलं. साहेबाकडं नवा लॅपटॉप आहे, त्याचा नवा चार्जर आहे, त्याचा पगार वाढलाय, कसली बरकत नि कसलं काय! ते माझ्यावर रागावलेही नाहीत. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील.

अक्काचं काम वेळेवर सुरू झालं. त्या लग्नसराईत आमच्या पट्ट्यातल्या निम्म्या पत्रिका तिच्या हातून गेल्या, आणि लोक तिला "टायपिंगवाल्या बाई" म्हणू लागले. दाव्याची गोष्ट गावभर झाली. पारावर कोणी नवा माणूस आला की लोक ती त्याला सांगतात, भाऊजींसमोरच सांगतात, आणि भाऊजीही हसतात. मीही सांगतो. आता लिहूनसुद्धा काढली.

पुढच्या पावसाळ्याआधी मी त्यांच्याकडं गेलो होतो. बाजाराचा दिवस. सकाळीच दारात जीप थांबली, चारपाच कास्तकार उतरले. "चला दादा, जोडी घ्यायची हाये. तुमच्याबिगर काई खरं नाई." भाऊजी ओसरीवरूनच म्हणाले, "गुडघे दुखून राह्यले बाबा. उभं राहवत नाई." त्यांनी फार आग्रह केला. कोणीतरी म्हणालं, नुसतं जीपमध्ये बसून सांगा. भाऊजींनी मान हलवली. जीप गेली. धूळ बसेपर्यंत ते रस्त्याकडे पाहत उभे होते. मग अक्कानं दिलेली फ्लॉपी खिशात घातली आणि बस धरायला फाट्याकडं निघाले. फाटा चांगला लांब आहे. एखाद्या तरण्या गड्यानं चालावं तसे ते झपझप चालत दिसेनासे झाले.

मी आत आलो. अक्काच्या मांडीवर लॅपटॉप, पाठीला उशी. तिनं मान वर केली नाही.

"गुडघ्यांले काई झालं नाई त्याइच्या," ती म्हणाली. "मले माहीत हाये."

"मग विचारत का नाहीस?"

"इचारलं तर सांगा लागन ना त्याइले," अक्का म्हणाली, आणि तिनं पुढच्या नवरीचं नाव लिहायला घेतलं.