पेजरची हद्द

सुनयना जगदाळेला बाबासो मोहित्यांच्या ऑफिसात नोकरी लागली ती तिच्या वडिलांच्या पाठीमुळे. हौसेराव तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. एका सकाळी गोणी खांद्यावर असतानाच ट्रकच्या फळीवरून घसरले आणि मणका कायमचा दुखावला. त्या वेळी दवाखान्यात धावून आले ते बाबासो. दोघेही खटाव तालुक्यातले, शेजारच्या गावांतले. बाबासो ट्रकवर क्लीनर म्हणून लागले आणि चढत चढत मालक झाले. वाशीत सेक्टर सतरामध्ये त्यांचं ऑफिस होतं. बंदरावर आलेल्या मालाची कागदपत्रं करायची, कंटेनर सोडवायचे, ट्रक लावायचे, असा धंदा.

"पोरगी बीएस्सी झालीय ना? पाठव माझ्याकडं," ते हौसेरावांना म्हणाले. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या त्या लहानशा घरात त्या दिवशी शिरा झाला.

हे शहाण्णव सालचं. ऑफिसात तेव्हा नुकतेच कॉम्प्युटर आले होते. प्रत्येक टेबलावर एक, पण कोणाचा कोणाशी संबंध नाही. एकाने टाइप केलेलं फ्लॉपीत घालून दुसऱ्याकडे न्यायचं, आणि फ्लॉपी वाटेतच खराब व्हायची. सुनयनाने एका मासिकासोबत आलेली लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीची सीडी घरी आणून ठेवली होती. घरी कॉम्प्युटर नव्हता. मग तिने बाबासोंना विचारून ऑफिसातलं एक टाकून दिलेलं जुनं मशीन मागून घेतलं आणि त्याच्यावर प्रयोग सुरू केले. कितीतरी वेळा काळ्या पडद्यावर नुसतंच काहीतरी येऊन थांबायचं. ती परत पहिल्यापासून सुरुवात करायची. शेवटी एकदाचं ते उभं राहिलं. एका काळ्या केबलने तिने सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले, आणि सगळ्यांच्या फाइली त्या जुन्या मशीनवर ठेवल्या; तोच आता ऑफिसचा सर्व्हर. एकाच फोनवरून सगळ्यांची ईमेल जायला-यायला लागली.

बाबासो खूश झाले. आलेल्या प्रत्येक पार्टीला ते मशीन दाखवायचे. "आमच्या पोरीनं केलंय. आपल्या घरातली आहे."

सुनयनालाही तेव्हा फार बरं वाटायचं.

त्या केबलमध्ये एक गोम होती. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे, तिथून तिसऱ्याकडे, अशी माळेसारखी गेलेली. दोन्ही टोकांना धातूच्या छोट्या टोप्या. मधे कुठेही एक जोड ढिला झाला, कोणाचा पाय लागला, टोपी निघाली, की एक कॉम्प्युटर नाही, सगळंच बंद. आणि कुठे बिघडलंय ते दिसायचं नाही. मग सुनयना माळ मधोमध तोडायची, तिथे टोपी लावायची आणि अर्धी बाजू चालते का बघायची. चालली तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचे पुन्हा दोन भाग. असं करत करत टेबलांखाली रांगत ती त्या एका जोडापर्यंत पोचायची. ओढणी कमरेला बांधलेली, गुडघे धुळीने माखलेले.

हे बाकी कोणाला येत नव्हतं, म्हणून बाबासोंनी तिला पेजर घेऊन दिला.

पहिल्या आठवड्यात तिने तो मैत्रिणींना कौतुकाने दाखवला. नंतर तो तिच्या अंगाचाच झाला. रविवारी वाजायचा, जेवताना वाजायचा, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना वाजायचा. वाजला की पीसीओ शोधायचा, फोन करायचा, आणि बहुतेक वेळा बस पकडून ऑफिसला जायचं. पेजरची हद्द पनवेलपर्यंत होती. त्याच्या पलीकडे तो मुका. म्हणून पनवेलच्या पलीकडे सुनयनाने जायचं नाही, असं न सांगताच ठरून गेलं. तिची चुलत बहीण शालन, जिच्यासोबत ती लहानपणी एका ताटात जेवली होती, तिचं लग्न गावी झालं तेव्हा सुनयना वाशीत होती. बाबासो म्हणाले होते, "बोट लागलीय बंदराला. तू गेलीस आणि हे बंद पडलं तर मी काय करू, सांग तू." लग्नाचे फोटो तिने नंतर पाहिले. हळदीच्या फोटोत सगळ्या बहिणी होत्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिने एमसीएची प्रवेश परीक्षा दिली. जे आपण चाचपडत करतो ते तसंच का चालतं, हे तिला नीट शिकायचं होतं. पुण्याच्या एका कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. ती केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"काका, मला पुण्याला जायचंय शिकायला."

बाबासोंनी चष्मा काढला. "चांगलं आहे की. जा ना. पण हे असं रोज दुपारी बंद पडतंय, ते अर्धवट टाकून जाणार?"

खरंच, त्या महिन्यात रोज दुपारी जेवणानंतर नेटवर्क पडत होतं. तास-दीड तासाने आपोआप उठत होतं. सुनयनाने सगळे जोड बदलले, टोप्या बदलल्या, सर्व्हर तपासून झाला. ती माळ तोडून दोष शोधायला लागायची, तोवर सगळं पुन्हा चालू झालेलं असायचं. चालू असताना दोष सापडत नाही.

एकदा सलग चार-पाच दिवस ते पडलंच नाही. बाबासो गावाहून परतल्यावर ती पुन्हा केबिनमध्ये गेली.

"बघ, किती छान चाललंय," बाबासो म्हणाले. "तू आहेस म्हणून. आता अशा माणसाला मी कसा सोडू?"

बाहेर येऊन ती आपल्या खुर्चीवर बसली आणि तिच्या लक्षात आलं की बिघडलं तरी आपल्याला जाता येत नाही, आणि चाललं तरी नाही.

शेजारच्या टेबलावर अस्मिता बसायची. दिघ्याची मुलगी, डेटा एंट्रीला लागलेली. तिचे वडील ऐरोलीकडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहाराचं काम बघत. अस्मिताचा हात कीबोर्डवर झरझर चालायचा, आणि सुनयना टेबलाखाली शिरली की ती टॉर्च धरायला स्वतःहून यायची. प्रश्न विचारायची. चांगले प्रश्न.

"काका, अस्मिताला शिकवते मी," सुनयना एकदा म्हणाली. "महिन्याभरात सगळं सांभाळेल ती."

बाबासो हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "सगळ्या पार्ट्यांचे कागद त्या मशीनमध्ये आहेत, पोरी. किल्ली आपल्या माणसाकडंच बरी."

"ती पण आपल्याच ऑफिसातली आहे."

"ऑफिसातली आहे," ते म्हणाले आणि फोन उचलला.

हे शब्द तिने अस्मिताला सांगितले नाहीत. सांगायची गरजही नसावी. केबिनच्या फळीच्या भिंती पातळ होत्या. त्या दिवसापासून मात्र सुनयना जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून अस्मिताला काळ्या पडद्यासमोर बसवू लागली.

घरी तिने विषय काढला तेव्हा हौसेराव खाटेवर पालथे पडले होते, आई गिरजाबाई पाठीला तेल चोळत होती.

"बाबासोंच्या शब्दाभायेर जायचं न्हाई," ते उशीत तोंड ठेवूनच बोलले. "त्येंनी हात दिला म्हणून आपण हाय. ते हो म्हनले तर जा."

"ते हो पण म्हणत नाहीत, अण्णा, आणि नाही पण म्हणत नाहीत."

"मंग थांब."

आईने तेलाची वाटी झाकून ठेवली.

सुनयना थांबली. प्रवेशाचा शेवटचा दिवस येईपर्यंत थांबली. त्या सकाळी मात्र ती नेहमीसारखी डबा घेऊन निघाली आणि वाशीला न उतरता थेट पनवेलच्या एसटी स्टँडवर गेली. पिशवीत सर्टिफिकेटं होती. पुण्याची गाडी लागली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर अजून चढला नव्हता, ड्रायव्हर चहा पीत होता.

पेजर वाजला.

तिने तो बघितला नाही. पुन्हा वाजला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमचंच वाजतंय वाटतं." तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने वाचलं, आणि पिशवी घेऊन खाली उतरली. नुसता फोन करून येते, असं तिने त्या बाईंना सांगितलं. जागा धरायला रुमाल ठेवला.

"सगळं बंद पडलंय," पलीकडून बाबासो ओरडत होते. "सकाळपासून! कुठं आहेस तू? आज माल नाही सुटला तर पार्टी जाईल हातची. हौसेरावला फोन लावू का शेजाऱ्यांकडं? त्याला तरी ठाऊक आहे का तू कुठं आहेस?"

सुनयनाला अण्णा दिसले, शेजाऱ्यांच्या घरापर्यंत भिंत धरत धरत फोन घ्यायला चाललेले.

"येते," ती म्हणाली.

पीसीओच्या काचेतून तिला पुण्याची गाडी मागे येऊन वळताना दिसली. रुमाल गाडीतच गेला.

ती वाशीला पोचली तेव्हा ऑफिसात सगळे आपापल्या टेबलांवर काम करत होते. प्रिंटर चालू होता. बाबासो पार्टीला जिन्यापर्यंत सोडायला गेले होते. सुनयना दारात तशीच उभी राहिली.

"चालू झालं, ताई," अस्मिता लगबगीने पुढे आली. तिच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. "मी पेज करायला सांगत होते की येऊ नका, पण साहेब ऐकतच नव्हते. सापडलं मला."

"काय होतं?"

"दरवाजा." ती सुनयनाला केबिनपाशी घेऊन गेली. काळी केबल केबिनमध्ये जाताना चौकटीच्या खालून जात होती. दरवाजा घट्ट लावला की तो तिच्यावर बसायचा. आत तार तुटलेली होती; दाब पडला की टोकं सुटायची, दरवाजा उघडला की पुन्हा टेकायची. "रोज दुपारी साहेब जेवून दरवाजा लावून आडवे होतात ना? आणि मागे ते पाच दिवस गावाला गेले होते ना, तेव्हा नाही पडलं. आज सकाळीच पार्टी आली, दरवाजा लावला, आणि सकाळीच पडलं. मग मी तेवढाच तुकडा बदलला."

सुनयना खाली बसून तो तुकडा बघत राहिली. आपण रोज टेबलांखाली शोधत होतो, आणि बंद दारावर टकटक करायचं कधी मनातच आलं नव्हतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आता निघालं तरी पुण्याचं काउंटर बंद झालेलं असणार.

बाबासो परत आले. "आलीस? झालं ना चालू! मला माहीत होतं, तू निघालीस म्हणजे होणार."

"मी नाही केलं, काका. अस्मिताने केलं."

"हो हो. चहा सांगा रे सगळ्यांना."

सुनयना चहा न घेता सर्व्हरपाशी गेली. तिने अस्मिताला हाक मारली, मुख्य पासवर्ड बदलण्याची आज्ञा टाइप केली, आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

"नवीन टाक. तुझ्या मनातला. दोनदा."

"ताई, तुम्ही बघा तरी."

"नाही बघत." तिने तोंड खिडकीकडे केलं. खाली रिक्षावाला कोणाशी तरी भांडत होता. पाठीमागे कीबोर्ड वाजला, थांबला, परत वाजला.

मग ती केबिनमध्ये गेली. टेबलावर पेजर ठेवला आणि सांगितलं, की त्या मशीनचा पासवर्ड आता अस्मिताकडे आहे, मला माहीत नाही, आणि मी उद्यापासून येणार नाही.

बाबासोंना समजायला वेळ लागला. समजल्यावर ते उठून उभे राहिले. "तिच्याकडं? माझं सगळं ऑफिस तिच्या हातात दिलंस? ती कोण आपली?"

"मग मी तरी कोण, काका? या दोन वर्षांत आपली म्हणून मला एकदा तरी गावाला जाऊ दिलंत?"

बाहेर टायपिंग थांबलं होतं आणि सगळे ऐकत होते. बाबासो खाली बसले.

ते वर्ष सुनयनाचं गेलं. पुण्याची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. हौसेराव कितीतरी महिने तिच्याशी बोलले नाहीत. काही हवं असेल तर गिरजाबाईला सांगायचे, सुनयना समोर बसलेली असली तरी. नेरुळच्या एका क्लासमध्ये ती पोरांना टायपिंग शिकवत होती. घरातून क्लासला, क्लासमधून घरी. नोकरी सोडूनही सुटल्यासारखं वाटत नव्हतं. कुठे बारीकसं बीप झालं तरी हात कमरेकडे जायचा.

अस्मिताला बाबासो काढू शकले नाहीत. आधी तिच्याकडे बघायचे नाहीत, मग दोन-तीनदा नेटवर्क पडलं आणि बघावंच लागलं. एक दिवस त्यांनी पेजर तिच्यापुढे सरकवला.

"साहेब, ऑफिसच्या टायमात आहे ना मी," ती म्हणाली. "घरी नको."

त्यांनी पेजर परत खणात ठेवला. तिच्या वडिलांवर त्यांनी कधी उपकार केले नव्हते. हे सुनयनाला तिनेच हसत हसत सांगितलं. सुनयनाही हसली.

पुढच्या वर्षी तिने परत परीक्षा दिली. यादी लागली तेव्हा गिरजाबाईने कोणालाही न विचारता ट्रंक खाली काढून पुसायला घेतली. हौसेराव बघत राहिले. मग म्हणाले, "कुलूप नवं घ्या. हे गंजलंय." सुनयनाच्या समोर, पण सुनयनाला नव्हे.

कॉलेज सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लॅबमधलं नेटवर्क पडलं. तिथेही तीच काळी केबल होती. सरांनी हातातला खडू ठेवला. "कोणाला यातलं काही येतं का?"

सुनयनाला बसल्या जागेवरून दिसत होतं, की भिंतीकडच्या शेवटच्या मशीनची टोपी निघून खाली पडली आहे. तिने मांडीवरची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. पुढच्या रांगेतला एक मुलगा उठला, टेबलाखाली शिरला, डोकं आपटून बाहेर आला. सगळे हसले. दुसरा उठला. सरांनी कोणाला तरी ऑफिसात पाठवलं.

"तुम्ही बीएस्सी ना?" सरांनी तिला विचारलं. "कधी केलंय असलं काही?"

"नाही, सर," ती म्हणाली.

पूर्ण तास तसाच गेला. ती वही उघडी ठेवून बाकीच्यांसोबत बसून राहिली, कोणी तरी येऊन दुरुस्त करील याची वाट बघत.