तानपुरा आपोआप वाजतो

जर्मन बाईचं कवितांचं पुस्तक कुरिअरनं आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या फ्लॅटवर आलं, तेव्हा बाबांचे डोळे पार अधू झाले होते. "वाच ना गं, काय लिहिलंय आपल्याबद्दल?" म्हणत ते हिंचक्यावर, म्हणजे आमच्या झोपाळ्यावर, सरसावून बसले.

नव्वदच्या दशकात ती देश बघायला म्हणून आली आणि बाबांचं गाणं ऐकून दोन वर्षं बडोद्यालाच राहिली. रोज सकाळी लुनावरून यायची, दारातूनच "केम छो, गुरुजी!" म्हणून ओरडायची. बाबा तिला समोर बसवून शिकवायचे. मी मागे तानपुरा घेऊन बसायचे आणि साडेनवाला डबा उचलून ऑफिसला पळायचे. गाण्यात पद्धतच आहे तशी. आधी मागे बसायचं, सूर कानात मुरू द्यायचा, गुरूनं बोलावलं की मगच पुढे यायचं. मी त्या बोलावण्याची वाट बघत होते. बाई गेली, तिच्यामागून आणखी शिष्य आले नि गेले. माझं बोलावणं काही आलं नाही. आणि तोंड उघडून विचारायची माझी मेलीची छाती होत नव्हती.

पुस्तक इंग्रजीत. मी एकेक ओळ मराठीत करून सांगत होते. आईच्या हातच्या पोह्यांवर कविता होती, बाबांच्या खोकल्यावरसुद्धा होती! मग आमच्या सकाळच्या खोलीवरची आली. 'खोलीत आम्ही दोघंच. मागे तानपुरा आपोआप वाजतो आहे.'

दोन वर्षं! एका दिवसाचा खाडा नव्हता माझा.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती खरं लिहिलंय पोरीनं. दोघंच असायचो."

अस्सा संताप आला म्हणून सांगू! "आणि तानपुरा कोण वाजवत होतं, बाबा?"

"तूच की. पण तू तर घरचीच."

"घरची म्हणून नव्हते बसत. शिकायला बसत होते मी."

हिंचका थांबला. बाबांना खरंच ठाऊक नव्हतं. पोरगी मदतीला बसते, एवढंच त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. मग ते उठले, चाचपडत कोपऱ्यातला तानपुरा घेतला आणि सतरंजीवर बसून तारा जुळवू लागले.

"ये. समोर बस."

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी वडिलांसमोर बसले. सा लावला, तो चिरकलाच.

"परत," बाबा म्हणाले.